समुद्रातली उसनवारी

अलीकडे रक्त तपासून आलेला माणूस घरात शिरता शिरता दोन गोष्टी सांगतो. साखर किती आली ती, आणि बी-१२ कमी निघालं हे. एके काळी हे नाव फक्त डॉक्टरांच्या तोंडी असायचं. आता ते भाजीबाजारातही ऐकू येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी असल्याची नोंद आहे. तेव्हा हे शहरातल्या खात्यापित्या घरांचं खूळ आहे, असं कुणी समजू नये.

डॉक्टर सांगतात, गोळ्या घ्या, दूध-दही वाढवा, चालत असेल तर अंडी, मासे, मटण खा. आपण मान डोलावतो. पण दुधात, मटणात, माशात हे बी-१२ येतं कुठून, असं सहसा कुणी विचारत नाही. म्हैस ते तयार करत नाही. बोकडाला ते जमत नाही. मेथी, पालक, शेवगा यांनाही जमत नाही आणि अळंबीलाही नाही. या पृथ्वीवर बी-१२ बनवण्याची विद्या येते ती फक्त काही जिवाणूंना आणि त्यांचे दूरचे भाऊबंद असलेल्या आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांना. म्हशीच्या पोटातले जिवाणू ते करतात, मग ते दुधात उतरतं. औषधाच्या दुकानातली गोळीसुद्धा मोठमोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवूनच तयार होते.

मग बांगड्यात आणि तारलीत ते कुठून आलं? या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण समुद्रात पोहोचतो, आणि तोही डोळ्यांना न दिसणाऱ्या समुद्रात. आजच्या पंधरा मिनिटांत त्याच्याविषयी बोलायचं आहे. मी बी.ए. झालेला कवितेचा माणूस, प्रयोगशाळेतला नव्हे. पण ही हकिकत कळल्यापासून ती दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी थोडं या पदार्थाविषयी. 'व्हायटामिन' हा शब्द कॅसिमिर फुंक यांनी १९१२ साली घडवला, जीवनाला आवश्यक असलेलं अमाइन अशा अर्थाने. पुढे लक्षात आलं की सगळी व्हायटामिनं अमाइन नसतातच. आपला 'जीवनसत्त्व' हा शब्द त्या अडचणीत सापडत नाही. शब्दांच्या धंद्यातल्या माणसाला या गोष्टीचा जरा आनंद होतो, म्हणून सांगितलं. बी-१२ शुद्ध रूपात हाती आलं १९४८ साली. लालभडक स्फटिक, आणि प्रत्येक रेणूच्या मधोमध कोबाल्ट या धातूचा एक अणू. त्याची रचना इंग्लंडमध्ये डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५०च्या दशकात उलगडली. क्ष-किरणांच्या अशा कामासाठी त्यांना १९६४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जिवाणूंची मदत न घेता हा रेणू प्रयोगशाळेत घडवायचा, असा चंग वुडवर्ड आणि एशेनमोझर या दोन रसायनशास्त्रज्ञांनी बांधला. शंभरेक सहकारी आणि दहा-बारा वर्षं खर्ची पडली, तेव्हा कुठे १९७२-७३च्या सुमारास ते साधलं. जिवाणू मात्र हे काम आपल्या पेशीत मुकाट्याने करत असतो. त्यालाही ते स्वस्तात पडत नाही, बरं का. सुमारे तीस पायऱ्या आहेत, आणि पायरीपायरीला वेगळं एन्झाइम, म्हणजे वेगळं जनुक सांभाळावं लागतं. हा खर्च लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट या खर्चावरच उभी आहे.

समुद्रातली वनस्पती म्हटलं की खडकाला चिकटलेलं शेवाळ आपल्या डोळ्यांपुढे येतं. खरी शेती वेगळीच आहे. पाण्याच्या वरच्या थरात एकपेशीय शैवाल तरंगत असतात, त्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात. पृथ्वीवर सूर्यप्रकाशावर जेवढं अन्न तयार होतं, त्यातला जवळजवळ निम्मा वाटा यांचा. लहान कोळंबीसारखे जीव ते खातात, लहान मासे त्या जिवांना खातात, आणि असं करत करत ते आपल्या ताटापर्यंत येतं. ही शैवालं सूर्यप्रकाश आणि क्षार यांच्यावर स्वतःचं सगळं भागवत असणार, असंच कुणालाही वाटेल. पण प्रयोगशाळेत शुद्ध क्षारांच्या पाण्यात ठेवली की त्यातली कितीतरी वाढेनाशी व्हायची. मातीचा अर्क किंवा बी-१२ घातलं की मात्र तरतरीत. १९५०च्या दशकात अमेरिकेत लुइजी प्रोवासोली आणि स्कॉटलंडमध्ये मायकेल ड्रूप यांनी या गोष्टीचा बारकाईने अभ्यास केला. २००५ साली केंब्रिजच्या अॅलिसन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या सगळ्या नोंदी एकत्र केल्या. ३२६ जातींच्या शैवालांपैकी १७१ जातींना बी-१२ बाहेरून मिळावं लागतं, असं दिसलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. झाड आणि तेही जीवनसत्त्वाला महाग!

बाहेरून म्हणजे कुठून? समुद्राच्या पाण्यातून म्हणावं, तर तिथे ते नसल्यातच जमा. लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमचा काही लाखांवा भाग मिळाला तरी पुष्कळ. मी एक ढोबळ हिशेब मांडून पाहिला. प्रौढ माणसाला दिवसाला दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. खुल्या समुद्रात जेवढं कमी आढळतं, त्या प्रमाणात ते पाण्यातून मिळवायचं झालं, तर रोज दीड-पावणेदोन हजार लिटर समुद्र प्यावा लागेल. कॅलिफोर्नियापासून मेक्सिकोच्या किनाऱ्यापर्यंतचं पाणी तपासून २०१२ साली काही संशोधकांनी दाखवून दिलं, की किनाऱ्यालगतच्या फार मोठ्या पट्ट्यात ब गटातली अनेक जीवनसत्त्वं मोजता न येण्याइतकी कमी आहेत.

इथे सुरू होते उसनवारी. आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यात संध्याकाळी वाटी घेऊन विरजण मागायला शेजारी जायची पद्धत होती. आज तुमच्याकडे दही आहे, उद्या आमच्याकडे असेल. चमचाभर विरजणाला कुणी पैसे मागत नसे. पण वाटी रिकामी परत करायची नाही, हाही रिवाज होता. तसाच काहीसा व्यवहार २०१५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या मेरी अॅन मोरन यांच्या गटाने दाखवला. एका बाजूला काचेच्या डबीसारखं कवच असलेलं डायटम जातीचं शैवाल, ज्याचं बी-१२वाचून चालत नाही. दुसऱ्या बाजूला रुजेरिया नावाचा जिवाणू, ज्याला बी-१२ बनवता येतं. जिवाणू बी-१२ देतो, आणि शैवाल त्याला गंधक असलेला एक कार्बनी पदार्थ खाऊ घालतं. समुद्रात इतका महत्त्वाचा व्यवहार त्या पदार्थावर चालत असेल, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याहून मला आवडतो तो दुसरा जोडीदारांचा मामला. ऑस्ट्रिओकॉकस टॉरी हे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या तो नावाच्या खाजणात १९९४ साली सापडलेलं शैवाल. आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. केंद्रक असलेल्या स्वतंत्र पेशींमध्ये याच्याहून लहान कुणी माहीत नाही. याला बी-१ आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वं बनवता येत नाहीत. त्याच्यासोबत प्रयोगात ठेवला तो डायनोरोझिओबॅक्टर शिबे नावाचा जिवाणू. नाव लांबलचक असलं तरी गडी कामाचा. तो बी-१ आणि बी-१२ बनवतो. पण त्याला बी-३, बी-७ आणि फॉलिक आम्ल बनवायला लागणारा एक तुकडा, अशा तीन गोष्टी बाहेरून लागतात. नेमक्या त्या शैवालाकडे असतात. जीवनसत्त्वं न घातलेल्या पाण्यात दोघांपैकी एकटा कुणीही तग धरत नाही; दोघं मिळून धरतात.

फॉलिक आम्लाचं नाव निघालं म्हणून जाता जाता सांगतो. त्याचा माग लागला तो आपल्या मुंबईत. ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली इथे आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांमधला पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली जगाला सांगितलं. यीस्ट म्हणजे पुन्हा सूक्ष्मजीवच.

आता या जोड्या पाहून 'किती हे प्रेम' असं म्हणायचा मोह होतो. कवींना तर फारच होतो. मी तो आवरतो, कारण याच शिबेची दुसरी हकिकत मला ठाऊक आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी त्याला दुसऱ्या एका शैवालाबरोबर वाढवलं. सुरुवातीला सगळं गोडीगुलाबीत चाललं. जिवाणूने जीवनसत्त्वं दिली, शैवाल वाढलं. पुढे शैवालाची गर्दी झाली, तेव्हा याच जिवाणूने त्याला मारायला सुरुवात केली. ड्रूप यांनाही 'सहजीवन' हा शब्द पटत नव्हता. १९५०च्या दशकात या विषयाला हात घालणारा हा माणूस २००७ साली पुन्हा लिहिता झाला, आणि त्याने विचारलं, हे सहजीवन आहे की वेचाकुचा करून खाणं? जिवाणू मरतात, विषाणू त्यांना फोडतात, छोटे जीव त्यांना खाताना अर्धंमुर्धं सांडतात. त्या सांडलेल्यावर शैवालाचं भागत असेल, तर मैत्रीची गोष्ट कशाला रचायची? मला वाटतं, समुद्रात दोन्ही चालत असावं. आपल्या गल्लीत तरी दुसरं काय असतं?

मग मुळात ही विद्या इतक्यांनी गमावली कशी? इथे एक घरगुती दाखला देतो. बऱ्याच शैवालांना बी-१२ लागतं ते मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल तयार करण्यासाठी. त्याला दोन मार्ग आहेत. एक गॅसच्या शेगडीसारखा, झटपट. पण सिलिंडर हवा, म्हणजे बी-१२ हवं. दुसरा चुलीसारखा. त्याला बी-१२ लागत नाही, पण काम संथ आणि सरपण फार. काही शैवालांकडे शेगडीही असते आणि चूलही. ज्यांनी चूल मोडून टाकली, ती सिलिंडरवर अवलंबून.

चूल मोडते कशी, हे कॅथरिन हेलिवेल आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष होताना पाहिलं. क्लॅमिडोमोनस हे गोड्या पाण्यातलं, मातीतलं शैवाल त्यांनी घेतलं. त्याच्याकडे दोन्ही सोयी होत्या. त्याला पिढ्यान्‌पिढ्या बी-१२ आयतं दिलं. पाचशे पिढ्याही झाल्या नाहीत, तोच त्यात एक असा वाण निघाला, की ज्याच्या चुलीच्या जनुकात दुसरीकडून उडी मारून आलेला डीएनएचा एक तुकडा बसला होता. चूल बंद. आयतं मिळत होतं तोवर हा वाण बाकीच्यांच्या पुढे गेला, आणि बी-१२ बंद केल्यावर मरू लागला. सुरुवातीला कधीकधी तो तुकडा बाहेर पडून चूल पुन्हा पेटायची. पुढे असेही वाण आले की ज्यांची चूल कायमची विझली. हा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. परावलंबन हे आळसातून येतं असं आपण म्हणतो. इथे ते सरळ हिशेबातून आलं. फुकट मिळणाऱ्या वस्तूचा कारखाना चालू ठेवणारा मागे पडला.

याच विचाराला २०१२ साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी पत्त्यांच्या डावातलं नाव दिलं, 'काळी राणी'. हार्ट्सच्या खेळात इस्पिकची राणी ज्याच्या हातात उरते त्याचे गुण बुडतात, म्हणून जो तो ती दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. पण कुणाच्या तरी हातात ती असावीच लागते. खर्चिक पण सगळ्यांना लागणारं काम म्हणजे ही राणी. काहींना आपली बलुतेदारी आठवेल. मला ती तुलना पुरती पटत नाही. बलुतेदाराचं काम जन्माने बांधलेलं असायचं आणि त्याचा वाटा दुसरा ठरवायचा. जिवाणूंमध्ये निदान डाव पुन्हा पिसला जातो.

या काटकसरीचा कळस पाहायचा, तर सार-११ कुळातले जिवाणू पाहावेत. १९९० साली सारगासो समुद्रातून त्यांची पहिली ओळख पटली, आणि आज जगातल्या समुद्रांत सर्वाधिक संख्येने असलेल्यांत त्यांची गणना होते. त्यांच्या एका वाणाला बी-१ लागतं, पण तयार बी-१ दिलं तर वापरता येत नाही! त्या रेणूचे दोन भाग असतात. एक तो स्वतः घडवतो आणि दुसरा त्याला पाण्यातून मिळावा लागतो. म्हणजे भाकरी दिली तर उपाशी, पीठ दिलं तर तृप्त. अमेरिकेतल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठात स्टीव्ह जिओव्हानोनी यांच्या गटाने २०१४ साली हे शोधलं. ते 'पीठ' समुद्रात सोडतात ती पुन्हा शैवालंच.

आणि २०२४ साली जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठातून आलेली बातमी तर अशी, की बी-१२च दोन घरांत मिळून शिजतं. दोन जिवाणू, एकालाही ते पूर्ण बनवता येत नाही. एक जण रेणूचा खालचा तुकडा करून पाण्यात सोडतो. दुसरा कोबाल्ट बसतो ते मोठं कडं घडवतो आणि तुकडा उचलून जोडतो. बी-१२ तयार! पण ते पहिल्याच्या वाट्याला येतं कसं? दुसऱ्याच्या जनुकांत एक विषाणू झोपलेला असतो. तो जागा होतो त्याच सुमारास बी-१२ पाण्यात उतरतं. म्हणजे बहुधा विषाणूने पेशी फुटतात आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. विषाणूच कारण, हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही, असं संशोधकांनी स्वतःच लिहिलं आहे.

वर 'खालचा तुकडा' म्हटलं, त्यात आपल्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट दडली आहे. समुद्रात नील-हरित जिवाणू अमाप आहेत, आणि तेही बी-१२सारखं काहीतरी बनवतात. मग तुटवडा का? २०१६ साली हेलिवेल आणि स्मिथ यांच्या गटाने दाखवलं, की त्यांच्या रेणूचा खालचा तुकडा वेगळा असतो. हे झालं नकली बी-१२. बहुतेक शैवालांना ते जवळजवळ निरुपयोगी. कुलपात शिरणारी पण न फिरणारी किल्ली. काही हुशार शैवालांना खरा तुकडा मिळाला तर ती किल्ली घासून दुरुस्त करता येते. आपल्या शरीराला तीही कला येत नाही. स्पिरुलिना हीसुद्धा नील-हरित जिवाणूच. तिच्या गोळ्या शाकाहारी लोकांसाठी बी-१२चा साठा म्हणून कुणी विकत असेल, तर सावध राहा. तिच्यातलं बहुतांश बी-१२ याच नकली जातीचं असतं. तपासणीत कमी निघालं असेल, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी बरी.

ही उसनवारी अडली तर काय होतं? अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो खाडीत बर्फाच्या कडेला एरिन बर्ट्रँड आणि सहकाऱ्यांना आढळलं, की तिथल्या शैवालांची वाढ लोह आणि बी-१२ या दोन्हींच्या टंचाईने एकाच वेळी अडली आहे. दक्षिणेकडच्या समुद्रातली शैवालं हवेतला कार्बन मोठ्या प्रमाणावर ओढून घेतात, म्हणून ही अडवणूक तिथल्यापुरती राहत नाही. उलट बाजूही आहे. समुद्राला लाल-तपकिरी करून टाकणारी, कधी मासे मारणारी जी विषारी शैवालं असतात, त्यांतल्या जवळजवळ सगळ्या तपासलेल्या जातींना बी-१२ बाहेरून लागतं. न्यूयॉर्कजवळच्या संशोधकांनी हे २०१० साली नोंदवलं. अशा लाटांचा हिशेब करताना सांडपाण्यातला नत्र तेवढा मोजून पुरणार नाही.

माशांची गोष्ट बी-१ची आहे. बाल्टिक समुद्रातल्या सामन माशांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडून लगेच मरतात, हे १९७४ साली प्रथम नोंदलं गेलं. कारण पुष्कळ उशिरा सापडलं, बी-१ची कमतरता. माणसातल्या बेरीबेरीचं हेच मूळ. २०२०च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या मत्स्यबीज केंद्रांमध्ये चिनूक सामनची पिल्लं गोल गोल गिरक्या घेत मरू लागली. बी-१ मिसळलेल्या पाण्यात सोडली, तर काही तासांत नीट पोहायला लागली. त्यांच्या आयांनी समुद्रात दुसरं काही न मिळाल्याने अँचोव्ही नावाचे छोटे मासे भरमसाट खाल्ले होते, आणि त्या माशांत बी-१ मोडून टाकणारं एन्झाइम असतं.

आता तिथल्या केंद्रांमध्ये अंडी घालायला परतलेल्या माद्यांना बी-१चं इंजेक्शन देतात. पण नदीत वर चढून, गोट्यांमध्ये खळगा करून स्वतःच अंडी घालणाऱ्या रानटी माद्या असतात. त्यांना इंजेक्शन कोण देणार? म्हणून ऑरेगनचेच काही संशोधक सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यात त्या गोट्यांमधलं पाणी आणि गाळ तपासत आहेत. तिथले सूक्ष्मजीव बी-१ किती बनवतात, किती पाण्यात सोडतात, आणि त्यातलं थोडंफार अंड्यातल्या पिल्लापर्यंत पोहोचू शकेल का, याचा शोध चालू आहे.